फांदी उतरेपर्यंत
चुडावा गावात धुरपताबाईंच्या घराच्या पत्र्यांवर झुकलेली कडुलिंबाची जाड फांदी माझ्या नवऱ्यानं वर चढून कापली. ती अंगणावर लोंबकळत होती. तिला बांधलेला दोर बुंध्याला वेढे देऊन मी धरलेला. हळूहळू सोडत फांदी उतरवायची, हे माझं काम. तेवढ्यात अंगणापलीकडं गोधडीवर निजलेलं आमचं लेकरू उठलं, मला बघून हसलं आणि रांगत निघालं. दोर तळहात सोलत सरकत होता. मी हाक मारणार, तोच नवरा वरून ओरडला, “बोलू नको! तुला बघून फांदीखालूनच यील. झाडाआड हो!” मी बुंध्यामागं लपले. आई दिसेना, तसं लेकरू जागीच बसून रडायला लागलं. गुडघे आखडलेल्या धुरपताबाई बाजेवरून कडाडल्या, “लेकरू रडायलंय अन् लपायलीस व्हय गं? कसली आई तू!” मी दोर सोडत राहिले. फांदी टेकली. धावले, हात पसरले, तर त्यानं तोंड फिरवलं.