उचलून ठेवलेला वस्तरा

त्र्यंबक नाटक मंडळीत नायिकेची कामं करी. आज गिरगावात तो गर्भवती राणी होणार होता. पण घरी बायकोला कालच सातवा महिना लागला आणि गर्भवतीच्या नवऱ्याने दाढी करू नये म्हणून आईने वस्तरा फडताळात उचलून ठेवला. आधीची दोन बाळं जगली नव्हती. आरशात, चेहऱ्याला फासलेल्या सफेद्यातून दाढीची निळी छटा दिसत होती. ती गॅसबत्तीत दिसली तर काम गेलंच. बायकोने गुपचूप वस्तरा आणला. "अहो, मूल माझ्या पोटात आहे, तुमच्या दाढीत नाही!" त्यालाही तसंच वाटे. पण पातं गालाला लावल्यावर हात पुढे सरेना. त्याने सफेदा पुसला, निळाई मारायला आधी शेंदूर चोळला, वर पुन्हा सफेदा दिला. "दिसतंय?" "लांबून नाही." ती घुटमळली. "राणीचं बाळ जगतं ना?" "जगतं." तिने वस्तरा सासूबाईंनी ठेवला होता तिथेच ठेवून दिला.