तळहाताची ऊब

दोन महिन्यांच्या बाळाला भूल चढली होती. मानेवर, छातीवर चिकटवलेल्या पट्ट्या, सुई न टोचताच, त्याचं हृदय किती रक्त ढकलतंय याचा आकडा पडद्यावर दाखवत होत्या. ऑपरेशन निम्म्यावर असताना आकडा धाडकन कोसळला. धाकट्या डॉक्टरने इंजेक्शन उचललं. “थांब गं,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्यांच्या जुन्या स्टेथोस्कोपमध्ये बाळाचं हृदय मजेत दुडदुडत होतं. धाकटीने चादर उचलली तर मानेवरची पट्टी लोंबकळत होती. “मॅडम, परत तळहातात उबवलीत ना? घामाने चिकटपणा जातो!” “गार लागलं की दचकतं गं लेकरू.” “भुलीत कसलं दचकतंय ते!” मॅडम ओशाळल्या. नवी पट्टी लागताच आकडा जागेवर आला. पुढच्या बाळासाठी धाकटीने पट्टी थेट पाकिटातून काढली. लावण्यापूर्वी मात्र, मॅडमची पाठ वळताच, तिने तळवे घासून त्याची इवलीशी मान हळूच उबवली.