शेवटचा होल

क्लबच्या गोल्फ मैदानावर रोज सकाळी चेंडू घालायचा जुना होल बुजवायचा आणि दुसऱ्या जागी नवा पाडायचा, हे माळीबुवांचं बावीस वर्षांचं काम. मुख्य माळ्याची जागा रिकामी झाली, तेव्हा अध्यक्षांनी तिथे आपला मेहुणा चिकटवला. वर हसत म्हणाले, "बुवा, खड्डा खणायला काय अक्कल लागते?"

समुद्रकाठचं ते मैदान तळहातासारखं सपाट, उंचवटा असा एकच. अंतिम सामन्याच्या सकाळी माळीबुवांनी शेवटचा होल बरोबर त्याच्या माथ्यावर पाडला. अध्यक्षांचा चेंडू काठापर्यंत चढायचा आणि घरंगळत त्यांच्याच बुटांशी परत यायचा. सहाव्या खेपेला मेहुणाही खुदकन हसला.

"कुणी खणला हा खड्डा इथे?" अध्यक्ष कडाडले.



"मीच, साहेब. त्याला कुठे अक्कल लागते!"