काठ्यांची जोडी

कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर काढणारा नवरा साठी उलटल्यावर एकाएकी डोंगर चढायची भाषा करू लागला, तेव्हाच बायकोच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली फोन आला की तो गच्चीत जायचा आणि कोणाचा म्हणून विचारलं, तर "ट्रेकवाल्यांचा" म्हणून विषय उडवायचा. या वयात कोण भेटली याला, या विचाराने तिला घास गोड लागेना.

शेवटी एका दुपारी ती गुपचूप त्याच्या मागे निघाली. तो खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरला, तशी ती रेनकोटांच्या रांगेआड कान टवकारून उभी राहिली. ट्रेकिंगची एकेक काठी जमिनीवर टेकवून, अंगाचा सगळा भार टाकून तो पारखत होता.

"कुठल्या डोंगरावर जाताय, काका?" दुकानातल्या मुलीने हसून विचारलं.

"डोंगर कसला, पोरी. डाव्या पायातली ताकद चाललीय, ती काही परत यायची नाही म्हणतात डॉक्टर."

त्याने एक जोडी बाजूला काढली.

"साधी काठी घरी नेली, तर बायको हाय खाईल. ही नेली, तर नुसता संशय घेईल."