दुसरा ब्रेक

पांढऱ्या पट्ट्यांवर एक म्हातारा उतरला आणि मास्तरांनी आपल्या पायाखालचा ब्रेक हळूच दाबला. गाडी अलगद थांबली. म्हातारा काठी टेकत पलीकडे गेला.

"बघितलंत, मास्तर?" स्टिअरिंगवरची नर्स खुशीत म्हणाली. "आता पाय आपोआप ब्रेकवर जातो!"

मास्तरांनी खाली पाहिलं. झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवावा, तसा तिचा पाय ब्रेकवर होता.

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो अडीअडचणीला वापरायचा. पण शिकणाऱ्याचा धीर खचू नये म्हणून मास्तर तो गुपचूप, आधीच दाबत. मास्तरांच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. गुण होता तो पायाला.

उद्या नर्सची लायसन्सची परीक्षा होती. पास झाली की सोमवारपासून गाडी घेऊन घरोघरी जाऊन रुग्ण बघायची नोकरी. उद्याच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. सोमवारच्याही नव्हता. मास्तरांना एकदम भीती वाटली, आणि ती नर्स नापास होण्याची नव्हती.

"ताई, पुढून गाडी वळवा आणि परत याच पट्ट्यांकडे या. काटा वीसच्या वर नको."

"वीस? मागचे हॉर्न मारून जीव घेतील माझा."

"हॉर्नने कोणी मरत नाही. वीसने धडक बसली तर माणूस उठून शिव्या देतो. पन्नासने बसली तर शिव्या द्यायला उठतच नाही."

नर्स हसली. हा विनोद मास्तर प्रत्येकाला सांगत आणि स्वतःच आधी हसत. आज ते दार उघडून खाली उतरले.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?"

"पट्ट्यांवर. मी दिसलो की थांबायचं."

शिकाऊ माणसाला गाडीत एकटं सोडणं नियमात बसत नव्हतं. दोन महिने जे चाललं होतं, तेही बसत नव्हतं.

रस्ता दुपारचा, रिकामा. नर्सने गाडी वळवली. एवढ्या वर्षांत मास्तरांनी स्वतःची गाडी समोरून येताना कधी पाहिली नव्हती. ती एवढी रुंद असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. ते पट्ट्यांवर उतरले. काटा वीसवर असेल. असायलाच हवा. मागे पळावंसं फार वाटलं. लाज वाटली, म्हणून थांबले.

गाडी जवळ आली. वेग कमी होईना. मास्तरांनी डोळे मिटले.

टायर किंचाळले, गाडीचं नाक खाली दबलं आणि इंजिन बंद पडलं. मास्तरांनी डोळे उघडले. गुडघ्यात आणि बंपरमध्ये वीतभर जागा होती.

नर्स स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती. तिचा पाय अजून ब्रेकवरच होता. तिने काच खाली केली.

"मास्तर," ती म्हणाली, "ब्रेक एवढा जड असतो?"