नारळी पुनवेचा नारळ

उरणचा दयाराम होडीसकट बुडाला, त्यानंतर त्याची बायको जनी पनवेलला भावाकडे राहायला गेली. समुद्राचं तोंडसुद्धा बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. यंदा नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी मात्र सासूचा मोबाइलवर फोन आला, "येकटीच हाय गो मी, ये." आणि जनी एसटीत बसली. का, ते तिलाच कळेना.

मिरवणूक वाजतगाजत किनाऱ्यावर आली. सासूनं हळदकुंकू लावलेला नारळ जनीच्या हातात दिला. ज्यानं नवरा नेला, त्यालाच नारळ द्यायचा? मग दगड मारावा तसा तिनं तो नारळ लाटांवर भिरकावला आणि तोंडाला येतील त्या शिव्या घालत सुटली. ढोल वाजत होते, म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

दम लागून थांबली, तेव्हा ती घाबरलीच. सणाच्या दिवशी हे काय करून बसलो आपण? तरी छाती हलकी झाली होती, आणि तेच तिला उमगत नव्हतं.

"काय मागितलंस गो?" सासूनं विचारलं.

"मागितलं नाय. शिव्या दिल्या त्याला," जनी मान खाली घालून म्हणाली.

सासू समुद्राकडे हात जोडून उभी होती. हात तसेच ठेवून ती म्हणाली, "मी पन तेच करते. तुजा सासरा बुडाला तवापासून, दर पुनवेला. आयकून घेतो तो. दुसरं कोन आयकतंय आपलं?"