किडन्या उत्तम

आई गेल्याच्या अकराव्या दिवशी मृणालिनीच्या फोनवर नेहमीचा निरोप आला: ‘आईच्या किडन्या उत्तम.’ मधुमेही आईसाठी तिने कमोडमध्ये बसवलेलं यंत्र तीन वर्षं रोज हेच कळवत होतं, आणि आई गेली ती किडन्या निकामी होऊनच.

तेवढ्यात संडासातून शेजारच्या कुमुदमावशी बाहेर आल्या.

“मावशी, तुम्ही?”

“सवय गं बाई. तिला त्या यंत्राची लाज वाटायची. म्हणायची, ‘लेकीला माझी लघवी कशाला दाखवायची? तुला साखर नाही, तूच जात जा. पोरीला घोर नको.’ ती आमच्याकडे जायची.”

मृणालिनीने फोनवरचा निरोप पुन्हा वाचला.

“निरोप वाचून तुला बरं वाटायचं ना गं?” मावशींनी भीत भीत विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “रोज.”